अठरा सेकंद

पाचव्या उत्तरपत्रिकेवरच्या नावावर नीरजा सोहोनींनी ते न वाचता तपकिरी कागदाची पट्टी चिकटवली, कडा नखाने दाबल्या आणि पत्रिका खिडकीच्या उजेडासमोर धरून पाहिली. नाव दिसत नव्हते. तरीही त्यांनी वर दुसरी पट्टी लावली.

"अहो नीरजाताई, उमेदवार आहे तो, अणुभट्टी नाही," श्रीधर म्हणाले. "एक पट्टी पुरे."

"मागच्या वेळी एका पट्टीतून तुम्ही अक्षर ओळखलं होतंत."

"अक्षर नाही, शाई ओळखली होती. हिरव्या शाईनं लिहिणारा माणूस या मतदारसंघात एकच आहे."

नारायण पेठेत पुस्तकबांधणीच्या दुकानावर एक खोली होती. तिथे दोन टेबले, एक लोखंडी कपाट आणि मतदार जिज्ञासा मंच एवढे सामान होते. मंच विधानसभेच्या प्रत्येक उमेदवाराला धोरणांविषयी दहा प्रश्न पाठवी आणि आलेल्या उत्तरांचा तक्ता छापून वर्तमानपत्रांतून घरोघर वाटी. तक्त्यात प्रत्येक उत्तरापुढे तीनपैकी एकच शब्द असे: हो, नाही किंवा टाळले. पक्ष पाहून निर्णय होऊ नये म्हणून नावे झाकायची, दोघांनी आपापल्या कागदावर नोंद करायची आणि मग ताडून पाहायचे, ही पद्धत नीरजाबाईंची. चौतीस वर्षे महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवल्यावर माणसांच्या बोलण्यासाठी त्यांना सुचलेले हे त्यातल्या त्यात बरे उपकरण होते. श्रीधर टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले आणि मंचाचे चिटणीस. ही त्यांची तिसरी निवडणूक.

छापखान्याने तक्ता जुळवून ठेवला होता, फक्त उत्तरांचे रकाने रिकामे होते. उत्तरे पाचपर्यंत पोचवायची होती. सहाला मशीन सुरू होणार, आणि सकाळी बारा हजार घरांत तक्ता जाणार.

श्रीधर मोठ्याने वाचू लागले.

"प्रश्न चार. टँकरच्या पाण्याचे दर सरकारने ठरवावेत का? उमेदवार दोन म्हणतो, 'पाणी हे जीवन आहे.'"

"टाळले."

"प्रश्न सहा. खासगी शाळांच्या शुल्कावर मर्यादा असावी का? 'मी स्वतः एका शिक्षकाचा मुलगा आहे.'"

"प्रश्न वडिलांबद्दल नव्हता. टाळले."

"उमेदवार सहा. 'अभ्यास करून निर्णय घेऊ.'"

"कधी?"

"ते लिहिलेलं नाही."

"टाळले."

अशा रीतीने ते नवव्या प्रश्नापर्यंत आले. प्रत्येक सिग्नलवर पादचाऱ्यांसाठी किमान अठरा सेकंद हिरवा दिवा सक्तीचा करणाऱ्या कायद्याला आपण पाठिंबा द्याल का? खाली बारीक अक्षरांत आधार दिला होता: वीस मीटर रुंदीचा रस्ता ओलांडायला ज्येष्ठ नागरिकाला सरासरी अठरा सेकंद लागतात, असे मंचाच्या पाहणीत आढळले आहे.

श्रीधर एकामागून एक पत्रिका उलटत गेले. हो. हो. हो. हो. पाचवी बाजूला ठेवून त्यांनी सहावी आणि सातवी पाहिली. हो. हो. त्यांनी चष्मा काढला.

"सहा जण. एकमेकांच्या सभेला परवानगी मिळू नये म्हणून भांडणारे सहा जण. नीरजाताई, तीन निवडणुकांत असं कधी झालंय?"

"पाचवी वाचा."

"पाचव्याचं डोकं फिरलंय." त्यांनी वाचले. "'अठरा हा आकडा कुणाचा आहे? कुणाला मोजून काढला? हे समजल्याशिवाय मला हो म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही.'"

दोघांनी आपापल्या कागदावर नोंद केली. नीरजाबाईंचे पेन क्षणभर अडले, एवढेच. नियम पहिल्या निवडणुकीच्या वेळी त्यांनीच लिहून काढला होता आणि तो समोर भिंतीवर होता: प्रतिप्रश्न हे उत्तर मानू नये. त्यांनी लिहिले, टाळले. श्रीधरांच्या कागदावरही तेच होते.

मग ओल्या कापसाने पट्ट्या काढायला सुरुवात झाली. पाचवीवर दोन पट्ट्या असल्यामुळे वेळ लागला. खालून नाव निघाले, वल्लरी काळोखे, अपक्ष.

"ही क्लासवाली," श्रीधर म्हणाले. "राहते विश्रांतवाडीला आणि उभी इथं. तिकडच्या मतदारांनी हिचं काय घोडं मारलंय?"

"कायद्यात बसतं ते."

"बसतं हो. मी चौकशी करतोय फक्त."

"माझी विद्यार्थिनी होती. बीएस्सीला."

"मग तर तुम्ही झाकलंत ते बरंच केलंत."

नीरजाबाई हसल्या नाहीत. उठून खिडकीशी गेल्या, परत आल्या, बसल्या आणि पुन्हा उठल्या. कपाटाची किल्ली श्रीधरांच्या खिशात होती. ती मागून घेऊन त्यांनी खालचा कप्पा उघडला.

"आता काय शोधताय? तीन वाजले. मी डबा उघडू का?"

"उघडा तुम्ही."

पाहणीची वही तळाशी होती. बारा वर्षांपूर्वी त्यांनी चार विद्यार्थ्यांना घेऊन ही मोजणी केली होती, आणि इतक्या वर्षांत ती वही कुणी मागितली नव्हती. त्या स्वतःही नाही. अठरा हा आकडा आधी मंचाच्या निवेदनात गेला, मग एका अग्रलेखात, मग प्रश्नावलीत. प्रत्येक वेळी आधीच्या ठिकाणाचा हवाला दिला गेला होता.

वही नीटनेटकी होती. चौसष्ट व्यक्ती, प्रत्येकीचे अंदाजे वय, प्रत्येकीची वेळ दशांशापर्यंत. वर ठिकाण लिहिले होते, बागेच्या दरवाजासमोरचा रस्ता. वेळ, सकाळी साडेसहा ते आठ.

त्या तशाच खाली फरशीवर बसल्या. साडेसहाची वेळ त्यांनी मुद्दाम निवडली होती. वाहने कमी, सिग्नल बंद, कुणाचा धक्का नाही, कुणाचा हॉर्न नाही. मोजमाप स्वच्छ येते. त्या वेळी बागेत येणारे साठीचे, सत्तरीचे लोक पांढरे बूट घालून, हात हलवत, एकमेकांना मागे टाकत रस्ता ओलांडायचे. समासात त्यांच्याच हस्ताक्षरात एक शेरा होता: हातात पिशव्या नाहीत, उत्तम.

पुढच्या पानावर चार नोंदी आडव्या रेघेने खोडल्या होत्या. एकोणतीस, एकतीस, चौतीस, चाळीस. त्यापुढे लिहिले होते, काठी. सरासरीत घेऊ नये.

"श्रीधरराव, आकडा चुकीचा आहे."

"कुठला?"

"अठरा."

श्रीधरांनी पोळीचा घास हातात धरूनच ऐकून घेतले. नीरजाबाईंनी शेराही वाचून दाखवला आणि खोडलेल्या चार नोंदीही.

"म्हणजे किती पाहिजे?"

"माहीत नाही. चोवीस, अठ्ठावीस. मोजल्याशिवाय कसं सांगणार?"

"मग राहू दे की अठरा. आपल्या चौकातला दिवा किती आहे? नऊ. नऊचे अठरा झाले तर दुप्पट झाले. तुम्हाला दुप्पट पुरत नाही?"

"मला पुरेल. काठीवाल्याला पुरणार नाही. आणि कायद्यात एकदा अठरा लिहिलं की पुढची तीस वर्षं त्याचं कुणी एकोणीस करणार नाही. 'शास्त्रीय पाहणी झालेली आहे' म्हणून सांगतील."

"आणि आज आकडा मागे घेतलात तर काय होईल सांगू? सहाही जण सुटतील. 'मंचाचीच चूक होती, आम्ही काय करणार?' नीरजाताई, सहा माणसांनी सहीनिशी हो लिहून दिलंय. हे असं पुन्हा मिळायचं नाही."

हे खरे होते, आणि त्याचाच त्यांना त्रास होत होता. खोट्या मुद्द्याला उत्तर देणे सोपे असते. त्यांनी वही मिटली, उघडली, पुन्हा मिटली. मग फोन घेतला.

पलीकडून आधी ध्वनिक्षेपकाचा आवाज आला, रिक्षाचा, कुणीतरी 'माइक बंद कर रे' म्हणून ओरडल्याचा. आणि मग वल्लरीचा.

"मॅडम! तुम्ही? थांबा हं, बाजूला येते."

"वल्लरी, अठरा हा आकडा माझा आहे."

रिक्षाचा आवाज मागे पडला.

"नवव्या प्रश्नातला? तुमचा? म्हणजे तुम्ही स्वतः मोजलेला?"

"हो. मी आणि चार मुलं."

"मग हो लिहा, मॅडम."

"का?"

"का म्हणजे? मला वाटलं, कुठल्या तरी एजन्सीनं कागदावर टाकलेला आकडा असेल. तुम्ही मोजलंय म्हटल्यावर प्रश्नच मिटला."

"मी कुणाला मोजलं ते विचार ना."

"एका लंबकाची आंदोलनं तुम्ही आम्हाला शंभर वेळा मोजायला लावायचात. हात भरून यायचे. तुमच्या आकड्याला मी कुठं विचारत बसू?"

"अगं, पण ऐक—"

"मॅडम, पदयात्रा पुढं गेली, आणि आमची सगळी मिळून एकोणीस माणसं आहेत. मी मेसेज करते, म्हणजे तुमच्याकडं लेखी राहील. तुम्ही फोन केलात, किती बरं वाटलं!"

मेसेज मिनिटाभरात आला. प्रश्न ९ : हो. पुढे जोडलेले हात.

श्रीधरांनी तो वाचला, तक्त्यातला पाचव्या उमेदवाराचा रकाना खोडला आणि ठसठशीत अक्षरांत हो लिहिले. "लेखी उत्तर, मुदतीच्या दिवशी. नियमात बसतं ना?"

"बसतं."

"सातपैकी सात." त्यांनी खाली सही केली आणि कागद पुढे सरकवला. चिटणीस आणि संकलक, अशा दोघांच्या सह्या लागत.

नीरजाबाईंनी कागद पिशवीत घातला. "छापखान्यातच करते," त्या म्हणाल्या आणि जेवायच्या राहिल्याच.

छापखाना चौकापलीकडे होता. चौकात दुपारची गर्दी होती. पदपथाच्या कडेला एक म्हातारी दळणाची पिशवी पायांशी ठेवून उभी होती. दिवा हिरवा झाल्यावर तिने पिशवी उचलली, दोन पावले टाकली आणि थांबून नीरजाबाईंकडे पाहिले.

"बाई, एक बंद धरता का? दळण जड हाय आज."

नीरजाबाईंनी घड्याळात पाहिले आणि पिशवीचा एक बंद धरला. त्यांचे लक्ष दिव्याखालच्या उलट मोजत जाणाऱ्या आकड्यांकडे होते. पाच, चार, तीन. दोघी दुभाजकाशी पोचत होत्या तेव्हा दिवा लाल झाला आणि पुढच्या अर्ध्या रस्त्यातल्या दुचाकी जागेवरच गुरगुरू लागल्या. म्हातारीने सरावाने पिशवी दुभाजकाच्या कठड्यावर टेकवली.

"आता थांबा," ती म्हणाली. "पुढल्या दिव्याला पल्याड."

"नेहमी असंच करता?"

"मग? उडत जाऊ का? आमी समदी हितंच थांबतो. ती फुलवाली बी थांबती. एकदा तर हितं वळखीची बाई भेटली, चार दिवे बोलत बसलो."

"नाव काय तुमचं?"

"कशाला? चिठ्ठ्या वाटताय का मतदानाच्या?"

"नाही. लिहून ठेवते."

"सुशीलाबाई लिवा. आडनाव नका लिवू, पोरगं चिडतंय."

पलीकडच्या पदपथावर पोचल्यावर नीरजाबाईंनी घड्याळात पाहिले. दोन मिनिटे आणि सहा सेकंद झाले होते. वहीत दुभाजकावर थांबण्यासाठी रकानाच नव्हता. सकाळी साडेसहाला तिथे कुणी थांबत नसे.

छापखान्यात बजरंग पडद्यावर तक्ता उघडून बसला होता. मालकही तोच आणि अक्षरजुळणी करणाराही तोच. त्याने कागद हातात घेतला आणि भराभर रकाने भरले. नवव्या ओळीशी तो थबकला.

"सगळे हो? मॅडम, तपासलंय ना?"

"तपासलंय."

"तुमची सही राहिलीय."

नीरजाबाईंनी पेन काढले. सहीच्या जागेवर न जाता त्या कागदाच्या तळाशी लिहू लागल्या. लिहून झाल्यावर बजरंगने वाचले.

"प्रश्न नऊ मंच खेदाने मागे घेत आहे. त्यातील अठरा सेकंदांचा आकडा मंचाने फक्त सकाळी फिरायला येणाऱ्या व्यक्तींना मोजून काढला होता. चूक मंचाची आहे, उमेदवारांची नाही." त्याने मान खाजवली. "हे कुठं टाकू? पान फुल्ल आहे. काहीतरी काढावं लागेल."

"अक्षर लहान करा."

"याहून लहान केलं तर ज्यांच्यासाठी छापताय त्यांना दिसायचं नाही."

"मग नवव्या ओळीतली उत्तरं काढा."

"सातही?"

"सातही."

"अहो, सगळे हो म्हणतायत. असं कधी होतं का?"

"नाही होत," नीरजाबाई म्हणाल्या.

बजरंगने सात रकाने एकत्र केले. सात शब्द गेले आणि त्या जागेत तीन वाक्ये बसवायचा प्रयत्न झाला. एक शब्द खाली लोंबत राहिला.

"'खेदाने' काढा," त्या म्हणाल्या.

ते काढल्यावर बसले. त्यांनी सही केली. खाली तारीख घातली आणि वेळही.

बाहेर पडतानाच श्रीधरांचा फोन आला. त्यांनी सांगितले, जसे झाले तसे, काही न गाळता.

"माझी सही आहे त्यावर," श्रीधर म्हणाले.

"तुमच्या सहीनंतर मी बदल केलाय. तुमचं नाव काढायला सांगू का?"

"नावाचं राहू दे हो. सहाही जण सुटले, त्याचं बोला."

"हो. सुटले."

"पुढची निवडणूक पाच वर्षांनी. तुम्ही तेव्हा बाहत्तर. मी शहात्तर."

"आकडा त्याच्या आधी निघेल."

"निघेल. कुणाला हवा असेल तेव्हा?"

श्रीधरांनी फोन ठेवून दिला. लगेच दुसरा आला, वल्लरीचा. नीरजाबाईंनी तो उचलला आणि या वेळी तिला बोलू दिले नाही. कुणाला मोजले होते, कुणाला गाळले होते, तक्त्यात आता काय छापले जाईल, हे त्यांनी चार वाक्यांत सांगितले.

"म्हणजे माझं पहिलं उत्तर बरोबर होतं," वल्लरी हळूच म्हणाली.

"हो."

"ते छापाल?"

"नाही. तू माझी विद्यार्थिनी आहेस. ते छापलं तर तक्ता तुझ्या प्रचाराचा होईल."

"आणि मी हो केलं, ते?"

"तेही नाही."

वल्लरी हसल्यासारखी वाटली, पण नक्की सांगता येत नव्हते. "तुम्ही नका ना असा फोन करत जाऊ, मॅडम," ती म्हणाली. "माणूस लगेच विश्वास ठेवतं."

साडेपाच झाले होते. नीरजाबाई चौकातल्या पदपथावर त्याच कडेला येऊन उभ्या राहिल्या. पिशवीतून एक कोरा कागद काढून त्यांनी वहीच्या पाठीवर धरला आणि रकाने आखले. वय अंदाजे. हातात काय. दुभाजकावर थांबले का. एकूण वेळ. मग कडेला स्वतःसाठी नियम लिहिला: दिवा हिरवा झाल्यावर पहिली उतरेल ती ज्येष्ठ व्यक्ती; निवड करायची नाही.

डावीकडून एक बाई काठी टेकत येत होत्या, कडेपासून दहाएक पावलांवर. एका हातात काठी, दुसऱ्या हातात औषधांच्या दुकानाची पिशवी. नीरजाबाईंनी घड्याळ सरळ केले. त्या येईपर्यंत दिवा लालच राहील असे त्यांना वाटत होते, किंवा राहावा असे वाटत होते.

दिवा हिरवा झाला. काठीवाल्या बाईंच्या पुढून पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ आले, रिकाम्या हातांनी, पायांत पांढरे बूट, आणि कडेवरून झपकन उतरले. ताठ मानेने, हात हलवत ते निघाले. नवव्या सेकंदाला दिवा लाल झाला तेव्हा त्यांनी फक्त तळहात वर केला. गाड्या थांबल्या, आणि ते पलीकडे पोचले. चौदा सेकंद.

नीरजाबाईंचे पेन पहिल्या ओळीवर टेकले आणि तसेच राहिले. काठीवाल्या बाई आता त्यांच्या शेजारी येऊन उभ्या होत्या, किंचित दमलेल्या.

"गेला का हो दिवा?" त्यांनी विचारले.

"गेला," नीरजाबाई म्हणाल्या आणि पहिल्या ओळीत चौदा लिहिले.